मका, मिरची आणि वराहमांस : ‘अल पास्तोर’ टाकोच्या निमित्ताने वऱ्हाडी आहारेतिहासाचा विचार

प्रस्तावना

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांतील मुलेमुली गेल्या तीन दशकांत शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत स्थायिक झाल्या. तेथे त्यांची ज्या परकीय अन्नाशी सर्वांत लवकर गट्टी जमते ते अन्न मेक्सिकन होय. तिखट, जिरे, लसूण, कोथिंबीर, लिंबू आणि तव्यावरची भाकरीसदृश पोळी, एवढी ओळखीची सामग्री अन्य कोणत्याही पाश्चात्त्य पाकपद्धतीत सापडत नाही. त्यामुळे सुटीत गावी आल्यावर घरच्या ओट्यावर ‘टाको’ करून दाखविण्याचा उत्साह स्वाभाविक म्हणावा लागेल. टाकोच्या अनेक प्रकारांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘अल पास्तोर’ हा आहे. लाल मिरचीच्या आंबट वाटणात मुरविलेले डुकराचे मांस हा त्याचा गाभा. येथे मात्र उत्साहाला अडसर येतो. मिरची घरात असते, मका बाजारात असतो. मांसाचे नाव निघताच स्वयंपाकघरात शांतता पसरते.

ही शांतता सामान्यतः ‘आपल्याकडे ते खात नाहीत’ या वाक्याने भरून काढली जाते. या वाक्यातील ‘आपल्याकडे’ म्हणजे नेमके कोणाकडे, आणि ‘खात नाहीत’ हे केव्हापासून, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे. मका, मिरची आणि वराहमांस या तीन घटकांचा वऱ्हाडाशी आलेला संबंध परस्परांहून अत्यंत भिन्न आहे. जे घटक परके ते घरात आले आणि जे मूळचे ते उंबरठ्याबाहेर राहिले, ही विसंगती प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘अल पास्तोर’ची जडणघडण

‘अल पास्तोर’ या स्पॅनिश शब्दप्रयोगाचा अर्थ ‘मेंढपाळाच्या पद्धतीचे’ असा आहे. धनगराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थात मेंढीचे मांस नसते, ही त्याच्या इतिहासातील पहिली खूण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तत्कालीन उस्मानी साम्राज्यातून, विशेषतः आजच्या लेबनॉनमधून, अनेक कुटुंबे मेक्सिकोत स्थलांतरित झाली. उभ्या सळईवर मांसाच्या चकत्या रचून त्या आगीसमोर फिरवीत भाजण्याची कला त्यांनी सोबत नेली. १९३० च्या दशकात पुएब्ला शहरात या पद्धतीचे ‘अरबी टाको’ विकले जाऊ लागले. मेंढीची जागा हळूहळू डुकराच्या मांसाने घेतली. पुढे मेक्सिको सिटीत त्यावर मिरचीच्या वाटणाचा संस्कार झाला, गव्हाच्या जाड रोटीऐवजी मक्याची पोळी आली आणि १९६० च्या दशकापर्यंत आजचे ‘अल पास्तोर’ सिद्ध झाले. फिरत्या मांसाच्या त्या उतरंडीला तेथे ‘ट्रोम्पो’ म्हणजे भोवरा म्हणतात.

तात्पर्य, मेक्सिकोचा हा ‘राष्ट्रीय’ मानला जाणारा पदार्थ शंभर वर्षांचाही नाही. त्यातील डुक्करही मेक्सिकोचे नाही. स्पॅनिश आक्रमणापूर्वी त्या भूमीत पाळीव डुक्कर नव्हते. १५२१ मधील विजयानंतर कोयोआकान येथे झालेल्या मेजवानीसाठी क्यूबाहून डुकरे आणल्याची नोंद बर्नाल दियास या सैनिकाने करून ठेवली आहे. कांदा, लसूण, जिरे, लिंबू आणि कोथिंबीर, जिला वऱ्हाडात ‘सांबार’ म्हणतात, हे सर्व जुन्या जगातून तिकडे गेले. टाकोवर भुरभुरलेला सांबार हा आपला माल आहे असे वऱ्हाडी माणसाने म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही.

एक मुरवण, दोन किनारे

मांस आंबट द्रवात, लसूण व मसाल्यासह मुरत ठेवण्याची पद्धत इबेरियन द्वीपकल्पात जुनी आहे. तिचा पहिला हेतू टिकाऊपणा हा होता, चव हा नंतरचा. स्पॅनिश भाषेत तिला ‘आदोबो’ हे नाव आहे. पोर्तुगीजांत ‘विन्य द आल्युश’, म्हणजे द्राक्षासव वा त्याचा सिरका आणि लसूण यांची मुरवण, हे तिचे भावंड. स्पॅनिश लोकांबरोबर आदोबो मेक्सिकोत गेला व तेथील सुक्या लाल मिरच्यांना भेटला. पोर्तुगीजांबरोबर दुसरी मुरवण १५१० नंतर गोव्यात आली. तेथे द्राक्षाच्या सिरक्याची जागा माडाच्या ताडीच्या सिरक्याने घेतली आणि पुढे मेक्सिकोच्याच कुळातील मिरची तिला येऊन मिळाली. हेच विंदालू. (उत्तरेकडील उपाहारगृहांत या शब्दाच्या शेवटी ‘आलू’ ऐकून त्यात बटाटे घातले जातात. मूळ शब्दात लसूण आहे, बटाटा नाही.) म्हणजे अल पास्तोरचे वाटण आणि गोव्याचे विंदालू ही एकाच आजीची दोन नातवंडे आहेत. मराठी घरात अल पास्तोर करू पाहणाऱ्याने नमुना म्हणून मेक्सिकोकडे पाहण्याआधी गोव्याकडे पाहिले तर त्याचे अर्धे काम झालेले आढळेल.

मात्र गोव्यातील या पदार्थाचा इतिहास निव्वळ रुचीचा इतिहास नाही. इबेरियात डुकराचे मांस टाळणारी व्यक्ती गुप्तपणे ज्यू वा मुसलमान असावी असा संशय धर्मसमीक्षण संस्था, म्हणजे इन्क्विझिशन, घेत असे. ही संस्था १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाली आणि मध्यंतरीचा अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत टिकली. तिच्या १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती कुटुंबांच्या चुलीपर्यंत हात घातला होता. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविणेही त्यात निषिद्ध ठरविले गेले. ताटात काय आहे यावरून श्रद्धा ओळखण्याची ही रीत होती. आज ज्या पदार्थाचा उल्लेख पर्यटनाच्या माहितीपत्रकात कौतुकाने होतो, त्याच्या घडणीच्या काळात स्वयंपाकघरावर अशी नजर होती, हे विसरता येत नाही.

मिरचीचे वऱ्हाडीकरण

तिखटावाचून वऱ्हाडी जेवणाची कल्पना करता येत नाही. ठेचा हा या प्रदेशाच्या स्वभावाचाच भाग मानला जातो. तथापि आपण जिला मिरची म्हणतो तिच्या मुख्य जातीचे आद्य घर मेक्सिको हे आहे. तेथे ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आली, कोलंबसाच्या प्रवासानंतर युरोपास ज्ञात झाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मुंबईच्या बाजारात तिला एकेकाळी ‘गोवाई मिरची’ म्हणत. हे नावच तिच्या आगमनाचा दाखला आहे. ‘मिरची’ हा शब्दही तिचा स्वतःचा नव्हे. तो मिऱ्यापासून उसना घेतलेला आहे. नवागत वस्तूला जुन्या वस्तूचे नाव देऊन घरात घेणे ही भाषेची जुनी युक्ती होय.

वऱ्हाडाच्या बाबतीत एक पुरावा विशेष बोलका आहे. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतला, आणि त्याच दशकात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ सिद्ध केली. या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, तसेच शाही मुदपाकखान्यातील जिनसांची व त्यांच्या दरांची तपशीलवार यादीही आहे. त्या यादीत मिरे आहेत, आले आहे, अननससुद्धा आहे, मिरची नाही. ज्या दशकात वऱ्हाड मोगल साम्राज्यात आला त्या दशकात साम्राज्याच्या राजधानीतील स्वयंपाकघराला मिरचीची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. अननसाची गोष्ट निराळी. ते फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येते असे जहांगीरने आपल्या आठवणीत नोंदविले आहे. दक्षिण अमेरिकेतील हे फळ अल पास्तोरच्या भोवऱ्यावर शेंडीसारखे बसते. दिल्ली-आग्र्याच्या दरबारात ते मिरचीच्या आधी मानाला चढले.

पुढील दोन शतकांत मिरचीने जे केले ते कोणत्याही सम्राटाला जमले नाही. ती स्वस्त होती, परसात उगवत होती, वाळवून वर्षभर टिकत होती. मिऱ्यासाठी मलबारकडे पाहावे लागे, मिरचीसाठी बांधापलीकडे पाहावे लागत नसे. कोरडवाहू प्रदेशातील ज्वारीच्या भाकरीला कमी खर्चात चव देणारी दुसरी वस्तू नव्हती. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात राजुरा बाजारचा हिरव्या मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. मिरचीच्या परकेपणाची आठवण कोणालाही उरलेली नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचेही तेच झाले. त्याचेही मूळ घर मेक्सिको.

मका : दाणा आला, कृती आली नाही

मक्याची कथा अशी सरळ नाही. मेक्सिकोत मका कच्चा दळून भाकरी करीत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात मंद शिजवून, रात्रभर तसेच ठेवून, सकाळी चोळून धुतात. साल निघून जाते, पीठ चिकट होते आणि पोळी न तुटता घडी पडते. या प्रक्रियेस ‘निश्तामाल’ म्हणतात. तिच्यामुळे मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास उपलब्ध होते. युरोपीय लोकांनी दाणा नेला, चुना तेथेच ठेवला. परिणामी मक्यावर जगणाऱ्या गरीब प्रदेशांत पेलाग्रा हा भीषण रोग पसरला. स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये तो प्रथम ओळखला. भारतातही मका आला तो चुन्यावाचूनच. ज्वारी खाणाऱ्या दख्खनी लोकांतही पेलाग्रा आढळतो याकडे हैदराबादच्या सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले होते. वऱ्हाडात चुना नव्हता असे नाही. तो घरोघर होता, कनवटीच्या डबीत होता. पण त्याची जोडी जमली ती तंबाखूशी, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या दुसऱ्याच वनस्पतीशी.

मेळघाटातील कोरकू समाजाच्या आहारात मक्याला स्थान आहे. सपाटीवरील शेतकऱ्याने मात्र त्याला कणीस भाजून खाण्यापुरते वा चाऱ्यापुरते मानले, भाकरीचा मान ज्वारीकडेच राहिला. या पार्श्वभूमीवर विदर्भाच्या एका सुपुत्राचे चरित्र आश्चर्यकारक वाटते. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत होते. अमेरिकेत त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढून, बर्लिन आणि मॉस्को पाहून ते १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टिना मोडोटी या विख्यात छायाचित्रकर्तीने काढली आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारले. सर्वांसोबत भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंगतीत ते तेथे बसलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. ज्या देशाचे दैवतही मक्याचे, त्या देशाला मक्याविषयी चार गोष्टी सांगणारा मराठी माणूस विदर्भाने दिला. चुन्यात शिजविलेल्या मक्याची पोळी मात्र विदर्भाच्या तव्यावर आली नाही. येथे दोष कोणाचाच नाही. बी पुडीत बांधून नेता येते, पण रात्रभर भिजत घालण्याची सवय आईकडून मुलीकडे जाते, आणि त्या साखळीतील कोणी समुद्र ओलांडला नव्हता.

वर्ज्यावर्ज्याचा प्रश्न

आता डुकराकडे वळावयास हरकत नाही. हा प्राणी मिरचीसारखा परका नाही. दख्खनच्या भूमीवरच, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वराहमांस शिजविण्याच्या कृती आहेत. केस काढणे, भाजणे, काप करणे, आंबट द्रव्य, हिंग, आले व मिरे यांचा संस्कार करणे, असा तो तपशील आहे. आंबटात मुरविलेले, भाजलेले वराहमांस दख्खनी राजाच्या ताटात होते आणि तेव्हा इबेरियाचा येथे कोणासही पत्ता नव्हता.

मग ते गेले कोठे? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रानडुकराची शिकार क्षत्रियांस प्रतिष्ठेची होती. निषेध होता तो गावडुकराचा. ‘मनुस्मृती’च्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी निषिद्ध पदार्थांची एक यादी येते. तिच्यात गावडुकरासोबत भुईछत्र, लसूण, कांदा आणि गावकोंबडा हेही आहेत. आजच्या वऱ्हाडी घराकडे या यादीच्या उजेडात पाहावे. लसणावाचून ठेचा होत नाही, कांद्यावाचून रस्सा होत नाही आणि ‘गावरान कोंबडा’ हा तर पाहुण्याच्या सन्मानाचा सर्वोच्च पदार्थ. एकाच वचनाने एकाच दमात वर्ज्य केलेल्या या वस्तूंपैकी बाकीच्यांना घराने क्षमा केली, गावडुकराला केली नाही. तेव्हा ‘शास्त्रात नाही’ हे कारण पुरेसे नाही. शास्त्रात कोंबडाही नव्हता. मुस्लिम समाजाच्या बाबतीत हा निषेध स्पष्ट धर्माज्ञेचा आहे. इमादशाहीपासून निजामापर्यंत शतकानुशतके मुस्लिम सत्तेखाली राहिलेल्या वऱ्हाडात त्याचा सार्वजनिक बाजारावर परिणाम झाला असणे संभवते. परंतु त्यानेही हिंदू घरातील किळस स्पष्ट होत नाही.

उरते ते कारण जातीचे आहे. गावडुक्कर कोण पाळतो, कोठे पाळतो, गावाच्या कोणत्या कडेला, यावरून त्या मांसाची किंमत ठरली. जनावराची अस्वच्छता हे कारण पुढे केले जाते. पण उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीस ते लावले जात नाही. अस्वच्छ मानले गेले ते माणसांचे वास्तव्य, आणि त्यांच्यासोबत त्यांचे ताट. या ताटाचा इतिहास लिहिलाही गेला नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) सारख्या लोकप्रिय पुस्तकांनी पांढरपेशा घरातील प्रामुख्याने शाकाहारी स्वयंपाक मराठी म्हणून प्रस्थापित केला. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या आहाराची स्वतंत्र नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने केली ती २०१५ मध्ये. वऱ्हाडासाठी तसे काम कोणीतरी हाती घेणे निकडीचे आहे, कारण माहीतगार पिढी झपाट्याने कमी होत आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. ‘विस्मृतीत गेलेली चव’ शोधण्याचा सध्याचा उत्साह निरागस नसतो. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मृत जनावरांचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. तो निर्धार रुचीचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. काही अन्न लादलेले असते आणि ते सोडण्यातच मुक्ती असते. मृतमांस आणि पाळलेल्या डुकराचे मांस या दोन गोष्टी एक नव्हेत. तरी सवर्ण घरातील तरुणाने अमेरिकेतून परतून डुकराचे मांस शिजविले तर ते ‘ग्लोबल’ ठरते आणि गावाच्या कडेला राहणाऱ्याने शिजविले तर त्याच्या जातीचे लक्षण ठरते, हा भेद लक्षात घेतल्यावाचून या पदार्थाविषयी वऱ्हाडात बोलता येत नाही.

घरचा तवा

प्रत्यक्ष कृतीत अडचण फारशी नाही. मेक्सिकोतही फिरता भोवरा दुकानातच असतो. घरी मुरविलेले काप ‘कोमाल’वर, म्हणजे तव्यावरच परततात. मिरच्या ज्यावर वाटतात तो ‘मेताते’ आपल्या पाट्या-वरवंट्याचा दूरदेशीचा जुळा आहे, आणि येथे कोणी कोणाकडून घेतल्याचा प्रश्न उद्भवत नाही. तिकडच्या ‘ग्वाहियो’ मिरचीला रंग अधिक, तिखटपणा कमी. म्हणून वऱ्हाडी लवंगी मिरची त्या प्रमाणात घालणाऱ्याची फजिती ठरलेली, ब्याडगी बरी. तांबड्या रंगासाठी लागणारे ‘आचिओते’ म्हणजे आपल्याकडील शेंद्रीचे बी. मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसूण, जिरे, लवंग, मीठ, सिरका व शेंद्रीसह वाटाव्यात; तिकडच्या ओरेगानोऐवजी चिमूटभर ओवा चालतो. आंबटपणात संत्र्याच्या रसाची भर तिकडेही पडते आणि वरुड-मोर्शीच्या घराला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खांद्याचे मांस पातळ कापून या वाटणात रात्रभर मुरवावे. ते पूर्ण शिजले पाहिजे. कच्च्या वा अर्धकच्च्या मांसातून डुकराच्या फीतकृमीचा संसर्ग होतो. त्या कृमीची अंडी दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन आकडी येऊ शकते. हा प्रश्न मेक्सिको आणि भारत या दोन्ही देशांचा आहे. पोळीसाठी किलोभर मक्यास सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना पुरतो. तेवढा खटाटोप नको असल्यास ज्वारीची भाकरी आहे, फक्त तिची घडी पडत नाही. काठ तुटतात आणि रस मनगटावर ओघळतो.

खरी अडचण त्या रात्रभराची आहे. वऱ्हाडात ज्या घरांत देवघर आणि मटण दोन्ही सांभाळले जाते, तेथे सामिष स्वयंपाकाची चूल अंगणात आणि भांडी वेगळी, अशी जुनी तडजोड असते. कोंबडा अंगणात शिजतो, अंगणात संपतो. मुरवण मात्र फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, झाकण लावून सकाळपर्यंत ठेवावी लागते. शेजारणीने विचारले तर डब्यात काय आहे म्हणून सांगायचे, हे आदल्या संध्याकाळीच ठरवावे लागते.